गेलेलेमेंड नेमका कोणाचा कोण? एका लेनापी प्रमुखाची वंशावळ आणि त्याची लढाई

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईने विचारलंय की लेकीला शाळेत लेनापी लोकांवर (अमेरिकेतली एक मूळ जमात, इंग्रज त्यांनाच डेलावेअर म्हणायचे) प्रोजेक्ट मिळालाय, तिने गेलेलेमेंड ऊर्फ जॉन किलबक हा प्रमुख निवडला, आणि आता घोळ असा की एका साइटवर तो म्हाताऱ्या नेटावॅटवीसचा नातू आहे, दुसरीवर भाचा, तिसरीवर थेट मुलगा, आणि कुठेतरी त्यालाच 'कर्नल हेन्री' म्हटलंय. मग खरी वंशावळ कोणती, आणि हा माणूस खरंच अमेरिकेच्या बाजूने लढला का?

मी पेनसिल्व्हेनियात बरीच वर्षं लोकांच्या वंशावळी शोधून द्यायचं काम करतोय, त्यात लेनापी घराण्यांचंही काम अधूनमधून येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लेकीला एवढं सगळं लागणार नाही पण तुम्ही वाचा आणि तिला काय हवं ते काढून द्या.

आधी मुद्द्याचं. तुम्ही ज्या साइट्स बघताय त्यातल्या बहुतेकांनी एकच गोष्ट केलीय, ती म्हणजे बापावरून वर चढत जायचं. किलबकचा बाप किलबक, त्याचा बाप अमुक, झालं झाड तयार. आपल्याकडे, इंग्रजांकडे, जर्मनांकडे सगळीकडे हेच चालतं त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पण लेनापींमध्ये माणूस आईच्या गटाचा असतो. तीन मोठे गट: कासव, लांडगा आणि टर्की. आई कासव गटाची तर मुलं कासव गटाची, बाप कोणीही असो, आणि आपल्याच गटात लग्न करायचं नाही हा नियम. त्यामुळे बाप आणि मुलगा कधीच एका गटाचे नसतात, आणि गादी त्या त्या गटाची असल्यामुळे प्रमुखाचा मुलगा प्रमुख होत नाही. मामाची गादी भाच्याला, किंवा मग धाकट्या सख्ख्या भावाला. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, डेव्हिड झाइसबर्गर म्हणून मोरेव्हियन पंथाचा मिशनरी होता, त्याने अख्खं आयुष्य या लोकांत काढलं आणि त्यानेच हे लिहून ठेवलंय, की मुलगा बापाच्या गटाचा नसल्यामुळे बापाचा मान त्याच्याकडे जात नाही.

आता हे डोक्यात ठेवून गेलेलेमेंडकडे या.

त्याचा जन्म साधारण १७३७ चा, पेनसिल्व्हेनियात लीहाय नदीच्या भागातला. हे साल आणि ही जागा दोन्ही लक्षात ठेवण्यासारखी आहेत कारण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथेच तो कुप्रसिद्ध 'वॉकिंग पर्चेस' झाला. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन, त्याच्या मुलांनी एक जुना कागद दाखवला की माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन आमची, आणि मग चालायला साधी माणसं न देता निवडून तरबेज गडी पळवले, वाट आधीच साफ करून ठेवली, आणि जवळपास १२०० चौरस मैल घशात घातले. लेनापींना लीहायचं खोरं सोडायला लागलं. म्हणजे हा माणूस जन्मला तेव्हाच त्याच्या लोकांच्या पायाखालची जमीन गेली होती, आणि पुढचं सगळं आयुष्य त्याने पश्चिमेला सरकत काढलं, आधी पेनसिल्व्हेनियाचा पश्चिम भाग आणि मग ओहायो.

बाप म्हणजे थोरला जॉन किलबक, लेनापी नाव बेमिनेओ. १७५० च्या दशकात फ्रेंच आणि इंग्रजांचं युद्ध झालं त्यात हा इंग्रजांविरुद्ध लढलेला नावाजलेला योद्धा, सरहद्दीवरच्या वसाहतवाल्यांना त्याची दहशत होती. म्हातारपणी त्याची दृष्टी गेली. याच नावामुळे पहिला घोळ होतो. थोरल्याचं नाव किलबक, धाकट्याचं नाव किलबक, धाकट्याच्या मुलाचं नाव परत जॉन किलबक, आणि एक सावत्र भाऊ थॉमस किलबक. इंग्रज अधिकारी पत्रात नुसतं 'किलबक' लिहून मोकळे. कुठला ते तुम्ही तारखेवरून आणि जागेवरून ठरवायचं. लेनापींकडे आडनाव हा प्रकार नव्हता, हे आडनाव इंग्रजांच्या कागदात तयार झालं आणि मग पुढच्या पिढ्यांना चिकटलं. तेव्हा 'किलबक घराणं' म्हणून जी सरळ रेघ दिसते ती खरी आहे, रक्ताचं नातं खरंच आहे, पण त्या रेघेतून प्रमुखपद खाली आलेलं नाही.

नेटावॅटवीस हा कासव गटाचा प्रमुख. इंग्रज त्याला न्यूकमर म्हणायचे. १७१८ सालच्या पेनसिल्व्हेनियातल्या जमिनीच्या कागदावर सही करणाऱ्यांत तो होता आणि वारला १७७६ साली, म्हणजे किती पावसाळे बघितले असतील बघा. ओहायोत टस्करावस नदीकाठी त्याचं मोठं गाव होतं, आजही त्या जागी न्यूकमर्सटाउन नावाचं गाव आहे. १७६४ साली कर्नल बूकेने ओहायोत फौज आणली, नेटावॅटवीस बोलणी करायला आला नाही म्हणून बूकेने त्याला पदावरून काढलं असं जाहीर करून टाकलं. जणू लेनापींचा प्रमुख नेमायचा अधिकार इंग्रज कर्नलला होता. फौज परत गेली आणि नेटावॅटवीस होता तिथेच राहिला. नंतर त्यानेच मोरेव्हियन मिशनऱ्यांना ओहायोत यायला परवानगी दिली, १७७२ ला शोएनब्रुन हे त्यांचं गाव वसलं. १७७६ च्या शरद ऋतूत तो पिट्सबर्गला अमेरिकन लोकांशी बोलणी करायला गेला होता, तिथेच गेला.

बहुतेक ठिकाणी गेलेलेमेंडला याचा नातू लिहितात. समजा तो नातू आहे. तरी गणित करून बघा, मी नेहमी कागदावर करूनच बघतो. नेटावॅटवीस कासव. त्याची बायको कासव नसणार. त्याच्या मुली बायकोच्या गटाच्या, मग मुलीचा मुलगाही त्याच गटाचा, कासव नाही. मुलग्याकडून नातू असेल तर मात्र शक्यता उरते, कारण मुलगा स्वतः कासव नाही म्हणून तो कासव गटातली बायको करू शकतो, आणि मग नातू कासव होईल. पण तो कासव झाला तो आईमुळे, आजोबांमुळे नाही. म्हणजे 'नातू होता म्हणून वारस झाला' हे वाक्य, जे तुम्हाला दहा ठिकाणी सापडेल, ते दोन्हीकडून उभं राहत नाही. नातू असणं ही एक गोष्ट आणि वारस असणं ही वेगळी.

आणि याला पुरावा आहे, तो जॉन हेकेवेल्डरचा. हा दुसरा मिशनरी, त्या काळात तिथेच होता, या सगळ्यांना समोरासमोर ओळखायचा. त्याच्या लिखाणातून असं दिसतं की नेटावॅटवीसच्या मागे जो रीतीप्रमाणे वारस होता तो वयाने लहान होता, म्हणून मोठ्यांनी कारभार बघायचा ठरलं, आणि गेलेलेमेंड हा तो वारस मोठा होईपर्यंतचा कारभारी. आपल्या भाषेत म्हणायचं तर गादीवर बसलेला नाही, गादी सांभाळणारा. मला स्वतःला हे फार पटतं, कारण पुढे त्याच्याच लोकांनी त्याला इतक्या पटकन का झिडकारलं ते यातून उलगडतं. जन्माने प्रमुख असता तर कदाचित जरा जास्त सहन केलं असतं.

आता लढाईकडे. १७७५ ला इंग्रज आणि वसाहती यांच्यात जुंपली तेव्हा ओहायोतले लेनापी मधोमध अडकले. पश्चिमेला डेट्रॉइटला इंग्रज, पूर्वेला फोर्ट पिटला म्हणजे आजच्या पिट्सबर्गला अमेरिकन. तीन माणसं महत्त्वाची. व्हाइट आइज, जो उघडपणे अमेरिकनांच्या बाजूचा होता. कॅप्टन पाइप, लांडगा गटाचा, जो हळूहळू इंग्रजांकडे झुकला. आणि आपला गेलेलेमेंड. १७ सप्टेंबर १७७८ ला फोर्ट पिटला तह झाला, त्यावर या तिघांच्याही खुणा आहेत, त्यात याचं नाव 'जॉन किल बक' असं लिहिलंय. अमेरिका या नव्या देशाने कुठल्याही मूळ राष्ट्राशी केलेला हा पहिला लेखी तह. त्याच्या सहाव्या कलमात चक्क असं आहे की पुढे दोन्हीकडच्यांना योग्य वाटलं तर अमेरिकेशी मैत्री असलेल्या जमातींनी संघात यावं, त्यांचं एक राज्य करावं, त्याचं प्रमुखपद डेलावेअर राष्ट्राकडे असावं आणि काँग्रेसमध्ये त्यांचा प्रतिनिधी असावा. काँग्रेसच्या मंजुरीची अट घातली होती आणि ते कलम कधी अमलात आलं नाही. लेकीच्या प्रोजेक्टमध्ये एवढं एक कलम आलं तरी तिच्या टीचर खुश होतील.

तह होऊन दोन महिने झाले नाहीत तोच व्हाइट आइज मेला. अमेरिकन फौजेला वाट दाखवायला तो बरोबर गेला होता. देवी येऊन मेला असं सांगण्यात आलं. फोर्ट पिटला काँग्रेसचा इंडियन एजंट होता जॉर्ज मॉर्गन, त्याने पुढे काही वर्षांनी काँग्रेसला लिहिलं की नाही, त्याला आपल्याच मिलिशियाच्या, म्हणजे स्थानिक लोकांच्या हंगामी फौजेच्या, माणसांनी मारलं. व्हाइट आइज गेल्यावर कोशॉक्टनचा, म्हणजे ओहायोतल्या लेनापींच्या मुख्य गावाचा, कारभार गेलेलेमेंड आणि आणखी दोघातिघांकडे आला.

इथे तुमच्या न्यू जर्सीचा भाग येतो आणि लेकीला हा आवडेल. १७७९ च्या वसंतात गेलेलेमेंड आणि इतर लेनापी प्रतिनिधी मॉर्गनबरोबर पूर्वेकडे आले. मॉर्गनचं शेत होतं प्रिन्स्टनला, 'प्रॉस्पेक्ट' नावाचं, ते आज प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे. तिथे ही मंडळी उतरली. आणि १२ मे १७७९ ला मिडलब्रुकच्या छावणीत जॉर्ज वॉशिंग्टनने त्यांच्यासमोर भाषण केलं, ते भाषण छापील उपलब्ध आहे. मिडलब्रुक म्हणजे आजचं ब्रिजवॉटर आणि बाउंड ब्रुक. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात तुम्ही गेलाच असाल, न्यू जर्सीतला कुठला मराठी माणूस गेला नाही, तर त्याच गावाच्या टेकड्यांच्या पायथ्याला वॉशिंग्टनची फौज त्या हिवाळ्यात पडून होती. लेनापींचा तो मूळ मुलूख, आणि लेनापी प्रमुख तिथे पाहुणे म्हणून आले.

परत जाताना त्यांनी तीन मुलं शिकायला प्रिन्स्टनलाच ठेवली, खर्च काँग्रेस देणार असं ठरलं. व्हाइट आइजचा मुलगा जॉर्ज, वय साधारण ८. गेलेलेमेंडचा मुलगा जॉन, साधारण १६. आणि सावत्र भाऊ थॉमस, साधारण १८. मॉर्गनला हौस होती त्यांना शिकवायची, पण एक गोष्ट लक्षात घ्या, ही मुलं म्हणजे एका अर्थी ओलीसच होती, बाप लोक अमेरिकनांशी इमान राखतील याची हमी. मोठे दोघं तिथे फार रमले नाहीत. छोट्या जॉर्जचं शिक्षण जास्त झालं, तो कॉलेजपर्यंत गेला, मग पैसे आणि कपडे मिळेनात तेव्हा १७८९ ला त्याने थेट वॉशिंग्टनला पत्रं लिहिली, ती पत्रं वाचवत नाहीत.

ओहायोत मात्र वारं फिरलं. अमेरिकनांनी व्यापाराचा माल, कपडे, दारूगोळा देऊ म्हणून कबूल केलेलं आलंच नाही, त्यांच्याकडे स्वतःलाच नव्हतं. इंग्रजांकडून डेट्रॉइटला सगळं मिळत होतं. कोशॉक्टनच्या सभेत इंग्रजांच्या बाजूच्या लोकांची सरशी झाली आणि गेलेलेमेंडला तिथून निघावं लागलं. एप्रिल १७८१ ला कर्नल ब्रॉडहेडने कोशॉक्टनवर चाल करून ते जाळलं. त्या मोहिमेचा अहवाल ब्रॉडहेडने लिहिलाय त्यात येतं की कॅप्टन किलबक आणि कॅप्टन लुझर्न यांनी आमची फौज आल्याचं ऐकून शत्रूच्या योद्ध्यांचा पाठलाग केला, त्यांच्यातल्या एका महादुष्टाला मारलं आणि त्याची डोक्याची कातडी माझ्याकडे आणून दिली. मेलेला कोण, तर किलबकच्याच लोकांतला, एकेकाळचा शेजारी असेल. प्रोजेक्टमध्ये हे घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा पण 'तो लढला का' याचं उत्तर हेच आहे, लढला, आणि आपल्याच लोकांविरुद्ध लढला.

त्यानंतर तो आणि त्याचे थोडे लोक फोर्ट पिटच्या समोर नदीतल्या एका बेटावर राहिले, किल्ल्यावरून बंदुकीची गोळी पोचेल इतकं जवळ. ते बेट आज नाही, नदीने खाल्लं. ८ मार्च १७८२ ला पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियाने ग्नाडेनहुटनला, म्हणजे ओहायोतल्या मोरेव्हियन मिशनच्या गावात, काय केलं ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल: ९६ ख्रिस्ती लेनापी, त्यात २८ पुरुष, २९ बायका, ३९ मुलं, रात्रभर प्रार्थना करू दिली आणि सकाळी दोन झोपड्यांत नेऊन मारलं. कोणाला शिक्षा झाली नाही. त्याच वातावरणात दोन आठवड्यांनी, २४ मार्चला, मिलिशियाच्या लोकांनी गेलेलेमेंडच्या बेटावर हल्ला केला. तिथे पहाऱ्याला अमेरिकन सैनिक होते, त्यांना पकडून बाजूला केलं. मेलेल्यांपैकी दोघांकडे अमेरिकन सैन्याची कॅप्टनची सनद होती. सनद असली तरी कातडी तांबडी असली की झालं. गेलेलेमेंड नदीत उडी टाकून पोहत वाचला. पण त्या गडबडीत त्याच्याकडची थैली गेली, ज्यात लेनापींचे जुने वॅम्पम पट्टे आणि विल्यम पेनच्या काळापासून सांभाळलेले कागद होते, असं हेकेवेल्डर सांगतो.

आमच्या धंद्यातल्या माणसाला ही थैली सगळ्यात जास्त लागते. वॅम्पमचे पट्टे म्हणजे दागिने नव्हेत, शिंपल्यांच्या मण्यांचे पट्टे, कुठला तह कोणाशी, कोणी काय कबूल केलं, त्याची ती नोंद असायची आणि ती वाचून दाखवणारी माणसं ठरलेली असायची. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात ना, पिढ्यान्पिढ्या नावं उतरवलेल्या, तशी एक अख्खी वहीच पाण्यात गेली समजा. त्यामुळे आज आपल्याकडे जे उरलंय ते जवळपास सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे: मिशनऱ्यांच्या जर्मन डायऱ्या, किल्ल्यावरच्या अधिकाऱ्यांची पत्रं, तहाचे कागद. आणि त्यात अधिकाऱ्यांच्या पत्रांत बायकांची नावं क्वचितच येतात. आईवरून चालणारी वंशावळ, आणि आयांचीच नावं कागदावर नाहीत.

लढाई संपल्यावरची गोष्ट मला तर लढाईपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. त्याला परत जायला जागाच नव्हती. एकीकडे गोरे मिलिशियावाले, दुसरीकडे सूड घ्यायला टपलेले लेनापी आणि त्यांचीच एक शाखा असलेले मन्सी. पिट्सबर्गच्या आसपास जीव मुठीत धरून राहिला. मग २१ जानेवारी १७८५ ला फोर्ट मॅकिंटॉशचा तह झाला, आजचं पेनसिल्व्हेनियातलं बीव्हर गाव, आणि त्या तहाला शेवटी एक वेगळं कलम जोडलंय. त्यात म्हटलंय की केलेलामंड ऊर्फ लेफ्टनंट कर्नल हेन्री, हेंग्वे पुशीज ऊर्फ बिग कॅट आणि विकोकॅलिंड ऊर्फ कॅप्टन व्हाइट आइज, ज्यांनी अमेरिकेसाठी कुऱ्हाड उचलली, त्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना डेलावेअर राष्ट्रात लढाईच्या आधी होता त्याच दर्जाने परत घेतलं जावं आणि जमिनीत त्यांचा वाटा मिळावा, जणू त्यांनी अमेरिकेची बाजू घेतलीच नव्हती.

हे कलम मी लोकांना हळू हळू वाचायला सांगतो, कारण यात तीन गोष्टी सापडतात. एक, तुमच्या 'कर्नल हेन्री'चं कोडं इथे सुटलं: केलेलामंड म्हणजेच गेलेलेमेंड, तोच किलबक, आणि तोच लेफ्टनंट कर्नल हेन्री. बाप्तिस्मा घेऊन तो 'विल्यम हेन्री' झाला १७८८ ला, असं सगळीकडे लिहितात आणि ते बरोबर आहे, पण हेन्री हे नाव त्याच्या आधीपासून त्याला लागलेलं होतं हे या कागदावरून दिसतं. नाव आलं लँकास्टरच्या विल्यम हेन्रीवरून, बंदुका बनवणारा नामांकित कारागीर आणि काँग्रेसचा सभासदही होता. दुसरं म्हणजे व्हाइट आइज. तो तर १७७८ ला मेला! मग १७८५ ला हा कोण? दुसरा माणूस, तेच नाव पुढे चालवणारा. ऑनलाइन झाडांमध्ये या दोघांना सर्रास एकच केलेलं असतं आणि मग मेलेला माणूस सहा वर्षांनी तहात येतो. काँग्रेसच्या मोरेव्हियन जमिनींबद्दलच्या ठरावातही 'किलबक आणि त्याचे वंशज' असं आहे, पण व्हाइट आइजच्या बाबतीत आधी 'नेफ्यू' आणि मग वंशज असा क्रम आहे. मी वर जे आईच्या गटाचं सांगितलं ते इथे अमेरिकन सरकारच्या कागदातही डोकावतं, लिहिणाऱ्याला कदाचित कळलंही नसेल. आणि तिसरं, हे कलम घालावं लागलं यातच सगळं आलं, म्हणजे त्याचे लोक त्याला परत घ्यायला तयार नव्हते.

पेन्शनची फाइल शोधत बसू नका. क्रांतियुद्धाच्या सैनिकांची बहुतेक कुटुंबं पेन्शनच्या कागदांवरून सापडतात, पण पेन्शनचे मोठे कायदे आले १८१८ आणि १८३२ ला, आणि गेलेलेमेंड गेला १८११ च्या जानेवारीत. त्याच्या सेवेचा पुरावा म्हणजे ब्रॉडहेडचा अहवाल आणि हे १७८५ चं कलम.

बाप्तिस्म्यानंतर तो मोरेव्हियन लोकांबरोबर राहिला, १७९८ ला म्हाताऱ्या झाइसबर्गरबरोबर ओहायोत गोशेनला आला, आणि तिथेच वारला. झाइसबर्गर १८०८ ला गेला होता, दोघांच्या कबरी त्याच छोट्या दफनभूमीत आहेत. त्याच्या नावाचा किलबक क्रीक आणि किलबक गाव आजही ओहायोत आहे.

पुढच्या पिढ्यांचं जरा भरभर सांगतो. ख्रिस्ती लेनापींचे गट ओहायो, मग कॅनडात ऑन्टारिओतलं फेअरफील्ड म्हणजे मोरेव्हियनटाउन, मग १८३७ च्या सुमारास काही जण कॅन्सस, असे फिरले. कॅन्ससमध्ये फ्रँकलिन काउंटीत मन्सी आणि चिपेवा लोक एकत्र राहिले, तिथे १५ मे १८६१ ला गेलेलेमेंडचा पणतू जॉन हेन्री किलबक जन्मला. हा शिकला पेनसिल्व्हेनियात, आधी नाझरेथ आणि मग बेथलेहेमला, म्हणजे पणजोबाच्या जन्मभूमीत परत आला. १८८४ ला मोरेव्हियन सेमिनरीतून पास झाला, एडिथ रोमिगशी लग्न केलं आणि १८८५ ला दोघं गेले थेट अलास्काला, कुस्कोक्विम नदीवर बेथेल इथे मिशन काढायला. तिथली यूपिक भाषा तो उत्तम शिकला. मधे मिशनने काढलंही, वैयक्तिक वागणुकीवरून, मग सरकारी शाळाखात्यात काम केलं, शेवटी मिशनने परत घेतलं, आणि १९२२ ला अलास्कातच वारला. लीहायच्या खोऱ्यातून निघालेलं हे घराणं चार पिढ्यांत बेरिंग समुद्राच्या बाजूला पोचलं. एक सांगून ठेवतो, याच्या नावात इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एल' एकच आहे, सर्च करताना दोन्ही करून बघा. गेलेलेमेंडचीही तीच तऱ्हा, ग ने सुरू होणारं, क ने सुरू होणारं, मधला 'ले' गाळलेलं, सगळं चालवून बघायचं.

कोणी स्वतःच्या घराण्याचं विचारायला येतं, की आमच्या पणजीच्या पणजीचं नातं लेनापींशी होतं म्हणे, त्यांना मी उलटं करायला सांगतो. गेलेलेमेंडपासून खाली येऊ नका, स्वतःपासून वर जा, एकेक पिढी, एकेक कागद. प्रसिद्ध प्रमुखापासून खाली उतरताना माणूस मधल्या रिकाम्या जागा इच्छेने भरतो. डीएनए टेस्टने फार तर अमेरिकेतल्या मूळ लोकांचा अंश आहे एवढं कळेल, लेनापी की शॉनी की मोहिकन ते त्यात कळत नाही. आणि कोण आपलं हे शेवटी ते लोकच ठरवतात. ओक्लाहोमात बार्टल्सव्हिलची डेलावेअर ट्राइब, अनाडार्कोची डेलावेअर नेशन, विस्कॉन्सिनमध्ये स्टॉकब्रिज-मन्सी, ऑन्टारिओत मोरेव्हियनटाउन आणि मन्सी-डेलावेअर. त्यांचे सभासदत्वाचे नियम आणि याद्या आपापल्या आहेत. लोक म्हणतात लेनापी संपले, तसं अजिबात नाही, ऑफिसं आहेत, निवडणुका होतात, भाषेचे वर्ग चालतात, फक्त तुमच्या न्यू जर्सीपासून शेकडो मैल लांब.

मूळ कागद बघायचेच असतील तर बेथलेहेमला मोरेव्हियन अर्काइव्ह्ज आहे, न्यू जर्सीहून दीड तासात पोचाल. डायऱ्या जुन्या जर्मन लिपीत आहेत, चांगलं जर्मन येणाऱ्यालाही ती लिपी वेगळी शिकावी लागते, पण बऱ्याचशा इंग्रजीत छापल्या गेल्यात. लेकीला घेऊन गेलात तर तिथून लीहाय नदी जवळच आहे, ती पण दाखवा.

आता चार्टचं. मी असतो तर नेहमीचं झाड काढलं नसतं. बेमिनेओ, गेलेलेमेंड, त्याचा मुलगा जॉन, आणि खाली पणतू जॉन हेन्री, ही रक्ताची रेघ एका रंगात काढायची, मधल्या पिढीच्या जागी तुटक रेघ. नेटावॅटवीसपासून गेलेलेमेंडपर्यंत वेगळ्या रंगात दुसरी रेघ, तिच्यावर 'कारभार' असं लिहायचं, 'वारसा' नाही. व्हाइट आइज दोन काढायचे, एक १७७८ ला मेलेला आणि एक १७८५ चा. टीचर विचारतील दोन का, तर ते १७८५ चं कलम प्रिंट काढून शेजारी चिकटवा, अर्ध्या पानाचं पण नाहीये.